दुसऱ्या थरातला जबडा

कब्बूरच्या आधी जन्मलेली दोन भावंडं चाळीस दिवससुद्धा जगली नव्हती. म्हणून आईने याचं नाव कब्बूर ठेवलं, मोठा हो म्हणून. तो मोठा झाला. औलाद मिमून नावाच्या पस्तीस उंबऱ्यांच्या वाडीत जव पेरत, मेंढ्या राखत त्याने पहिली अठ्ठावीस वर्षं काढली, यामनाशी लग्न केलं, आणि त्यांना रदवान नावाचा एकच मुलगा झाला. वाडी मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या पठारावर होती, वादी झेमच्या बाजारापासून गाढवावरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पूर्वेकडून खाणीची यंत्रं दरसाल थोडी थोडी जवळ सरकत होती, पण त्या काळी त्यांचा नुसता आवाज यायचा.

एक्याऐंशी साली पाऊस झाला नाही. जव वीतभर वाढून पिवळे पडले. मेंढ्या जिथे असतील तिथे बसकण मारू लागल्या, आणि एकदा बसलेली मेंढी परत उठत नसे. साठातल्या चार उरल्या. कब्बूरने त्या चुलतभावाच्या कळपात सोडल्या आणि कुदळ खांद्यावर टाकून तो खड्ड्यांवर गेला.

खाणीने माल काढून सोडून दिलेल्या उतारांवर हे खड्डे होते. आसपासच्या वाड्यांतली माणसं तिथे माणूसभर उंचीची भुयारं पाडून त्यातून दात काढत. शार्कचे दात पोत्याने निघत. त्यांच्या खाली, आणखी खोल, बोटाएवढे जाड तपकिरी दात मिळत. ते एकेकाळी इथे असलेल्या समुद्रातल्या प्रचंड सरड्यांचे. हा सगळा माल वादी झेमचा व्यापारी हाज्ज मिलूदी उचलायचा. त्याच्या दुकानामागच्या खोलीत दोन माणसं दिवसभर वाळू आणि सरस कालवून नकली जबडे बनवत आणि त्यात खरे दात रोवत. परदेशी गिऱ्हाइकाला अख्खा जबडा हवा असतो, असं हाज्जचं म्हणणं.

कब्बूरने असलं काम कधी केलं नाही. तो त्याबद्दल बढाई मारत नसे, पण आपला दात सरसाच्या जबड्यात जाणार हे कळलं की तो देत नसे. दुसरी त्याची खोड म्हणजे थर. खोदणारे वरून थर मोजत. दुसऱ्या थरात लहानसहान दात आणि माशांची हाडं. त्याखाली हाताच्या रुंदीचा पिवळसर कठीण पट्टा, आणि पट्ट्याच्या खाली तिसरा थर, सरड्यांचा. पट्ट्याच्या वर सरड्याचा एकही दात कुणालाच कधी मिळाला नव्हता. बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं, कुठे खोदायचं ते कळलं की झालं. कब्बूर मात्र सार्डिन मासळीच्या रिकाम्या डब्यांत थराथराचा माल वेगळा ठेवायचा आणि प्रत्येक डब्यावर खिळ्याने खूण कोरायचा.

"माझं जिरं कागदाच्या पुडीत," यामना म्हणायची, "आणि तुझे दगड डब्यांत. दगड झाले असते तर मलाही डबा मिळाला असता."

शहाण्णव साली मराकेशहून बहीजा नावाची एक तरुण प्राध्यापिका आली. सगळे तिला बाई म्हणू लागले. ती खड्ड्याखड्ड्यावर फिरली, माल पाहिला, आणि कब्बूरच्या डब्यांपाशी येऊन खाली बसली.

"काका, हा दात कुठून निघाला?"

"तिसऱ्यातून. पट्ट्याच्या खाली चार बोटं."

"चारच कशावरून?"

"बोटं लावून बघितली म्हणून."

बाईंनी वही काढली आणि ते लिहून घेतलं. आपण बोललेलं कुणी लिहून घेतंय हे कब्बूर पहिल्यांदाच पाहत होता. पंधरा वर्षांत त्याला सगळ्यांनी एकच विचारलं होतं, कितीला देणार.

दुपारी खड्ड्याच्या सावलीत जवाची भाकर आणि ऑलिव्हचं तेल खाताना बाईंनी त्याला पट्ट्याची गोष्ट सांगितली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आभाळातून डोंगराएवढा दगड पडला. धुळीने सूर्य झाकला. समुद्रात वर तरंगणारी, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं उजेडाविना मेली, ती खाणारे मेले, मग त्यांना खाणारे. सगळ्यात मोठे होते त्यांच्यातलं कुणीच राहिलं नाही.

"त्या एका दगडाने?"

"त्याच सुमारास हिंदमध्ये जमीन फाटली होती. हजारो वर्षं तप्त रस वाहत राहिला, थरावर थर, काळ्या दगडाचे डोंगर झाले. त्यातून वायू निघाले, हवा बिघडली, समुद्र बिघडला. काही जण म्हणतात मारलं दगडाने. काही म्हणतात, दगड पडला तेव्हा सगळं आधीच खंगलेलं होतं."

कब्बूरने भाकरीचा तुकडा तेलात बुडवला. मग म्हणाला, "माझ्या मेंढ्या दुष्काळाने मेल्या असं सगळे म्हणतात. पण त्याच्या आधीच्या साली खुरांचा रोग आला होता. त्याने त्या अंगाने अर्ध्या झाल्या होत्या. चांगल्या धडधाकट असत्या तर तो उन्हाळा काढला असता त्यांनी. मग मारलं कुणी म्हणायचं?"

बाई म्हणाल्या, "आमच्या सभेत येऊन हे सांगा. तिथे वीस वर्षं हेच भांडण चालू आहे."

"आणि मग पुढे काय झालं?"

"पुढे फार काळ समुद्र जवळजवळ रिकामा. काही ठिकाणी लाखभर वर्षं, काही ठिकाणी दहा लाख. जे बारीक होते, बिळात राहणारे, मिळेल ते खाणारे, ते टिकले. मोठ्यांच्या जागा मोकळ्या होत्या. हळूहळू त्या भरल्या."

"म्हणजे मेलेले परत नाही आले."

"नाही. दुसरेच आले."

त्या दिवसापासून बाईंच्या वहीत "कब्बूर म्हणतो" असं येऊ लागलं. वर्षातून दोनदा त्या यायच्या, आणि त्याने सांगितलेला थर कधी चुकीचा निघाला नाही. बाकीचे खोदणारे त्याला प्रोफेसर म्हणून हाक मारू लागले. त्यात टोमणा होता, पण थोडा मानही होता. कब्बूरला दोन्ही कळायचं. जाताना एकदा बाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या थराच्या अगदी तळाशी, पट्ट्याला लागून, बारीक काही मिळालं तर टाकून देऊ नका. मला हवेत ते जीव. त्या नाशानंतर पहिले उभे राहिलेले."

पाच वर्षं त्याला काही मिळालं नाही. पण तो शोधत राहिला. दात विकले जायचे ते तिसऱ्या थरातले, आणि हा दिवसातले दोन तास दुसऱ्याच्या तळाशी पोटावर पडून सुरीच्या टोकाने माती उकरायचा. वाडीतली माणसं तोवर एकेक करून जात होती. विहिरींचं पाणी खोल गेलं होतं, खाणीने जमिनी घ्यायला सुरुवात केली होती, आणि कुणाचा तरी भाऊ इटलीत पोचला की मागोमाग त्याच्या घरातले दोघे जात. पस्तीस उंबऱ्यांपैकी चौदा घरांतून धूर निघे.

दोन हजार एकच्या वसंतात त्याच्या सुरीला काहीतरी कठीण लागलं. त्याला वाटलं माशाचं हाड, म्हणून छिन्नी जरा जोरात लावली आणि मागच्या कडेचा एक टवका उडाला. मग त्याने हात आवरला. बाहेर काढला तेव्हा तो खालचा जबडा होता, करंगळीएवढा, चार दात शाबूत. दातांवर आडव्या कडा होत्या. हे मासळी चिरायचे दात नव्हते, पाला चघळायचे होते. कब्बूरने जन्मभर जनावरांच्या तोंडात बोटं घालून दात पाहिले होते. हा बाईंना हवा होता तोच, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने तो कापसात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि वादी झेमला जाऊन टेलिफोनच्या दुकानातून बाईंना कळवलं. चार दात, त्यांच्या कडा, सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "काका, कुणाला दाखवू नका. मी दहा दिवसांत येते. आमच्या मोठ्या सरांना घेऊन येते."

टेलिफोनच्या दुकानात बोललेलं बाजारभर होतं. तिसऱ्या दिवशी हाज्ज मिलूदीची गाडी दारात उभी. कब्बूरने चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

हाज्ज म्हणाला, "सरकार तुला पदक देणार आहे का?"

"देऊ दे नाहीतर नको देऊ दे."

"मग ती बाई नाव लावणार आहे तुझं? स्वतःचं लावेल. नाहीतर कुठल्यातरी फ्रेंचाचं."

"लावू दे."

रदवान दाराशी उभा राहून ऐकत होता. तो बावीस वर्षांचा होता, शाळा संपवून चार वर्षं रिकामा. हाज्ज गेल्यावर म्हणाला, "बा, तुला कळतंय ना तो काय देत होता?"

"कळतंय."

"आणि तू तो फुकट देणार. मेलेल्या जनावराचा जबडा, मराकेशच्या बाईला."

"फुकट नाही. ती विचारते, मी सांगतो. असं आहे ते."

रदवान बाहेर निघून गेला. चार दिवसांनी, गुरुवारी, तो टँजियरला मित्राकडे जातो म्हणून निघाला. यामनाने बरोबर उकडलेली अंडी आणि भाकर बांधून दिली. उद्या शुक्रवारचा कुसकुस खाऊन जा म्हणाली, तर नको म्हणाला.

रविवारी बाई आल्या. बरोबर पांढऱ्या केसांचे सर होते, दोन विद्यार्थी होते, आणि प्रोफेसरचा जबडा बघायला आलेले पाच-सहा खोदणारे. कब्बूरने डबा आणला आणि सगळ्यांसमोर उघडला. आत कापूस होता. कापसात जबड्याचा खळगा होता.

कब्बूरला समजायला वेळ लागला नाही. त्याने यामनाकडे पाहिलं. ती मान खाली घालून चहाचे पेले मांडत होती, मांडलेलेच उचलून पुन्हा मांडत होती. म्हणजे तिलाही आत्ताच कळलं होतं.

"काका?" बाई म्हणाल्या.

"चूक झाली," कब्बूर म्हणाला. "नंतर नीट बघितलं. माशाचं हाड होतं. टाकून दिलं."

"टाकून दिलंत?"

"हो."

"तुम्ही फोनवर दातांच्या कडा सांगितल्या होत्या मला. चार दात."

"डोळे गेलेत आता. वय झालं."

सर हसले. फ्रेंचमध्ये बाईंना काहीतरी म्हणाले, विद्यार्थीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या डब्यातल्या खळग्याकडे बघत होत्या. कब्बूरने झाकण लावलं.

रदवान उत्तरेच्या किनाऱ्यावरून होडीने स्पेनला उतरला आणि तिथून इटलीत तोरिनोला गेला. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आईशी खूप बोलला. बापाशी म्हणाला, "ठीक आहे ना?" कब्बूर म्हणाला, "ठीक आहे." जबड्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

बाई नंतरही आल्या, पण दोन वर्षांतून एकदा, आणि आता दुसऱ्या प्राध्यापकाबरोबर येणारे विद्यार्थी कब्बूरने सांगितलेला थर आणखी कुणाला तरी विचारून मग लिहीत. खोदणाऱ्यांनी प्रोफेसर म्हणणं सोडलं नाही, पण त्यातला मान निघून गेला होता. कब्बूर रोज दुसऱ्याच्या तळाशी पोटावर पडायचा. आणखी एक मिळाला तर सगळं सुधारेल असं त्याच्या मनात होतं. मिळाला नाही.

दोन हजार आठ साली बाई एकट्या आल्या. पिशवीतून छापील चित्रांचं एक जाड पुस्तक काढलं, परदेशातल्या कुठल्यातरी लिलावाचं. एका पानावर तोच जबडा. शेजारी मापाची पट्टी, खाली लिहिलेलं ठिकाण भलतंच, शेकडो मैलांवरचं. मागच्या कडेला टवका उडालेला.

"काका, हा तुमचा का?"

कब्बूरने पान डोळ्यांजवळ नेलं. आपल्या छिन्नीचा घाव त्याला पाठ होता.

"तुम्ही हो म्हणालात," बाई म्हणाल्या, "तर याला जागा मिळते. थर मिळतो. नाहीतर हा नुसता सुंदर दगड. ठिकाण माहीत नसलेल्या हाडाचं आम्ही काही करू शकत नाही. मी हे लिहीन, तुमच्या नावासकट. तुमच्याकडून तो गेला कसा, तेवढं मात्र लिहावं लागेल."

आत यामना आडवी पडली होती. तिची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागे, आणि तो सगळा खर्च तोरिनोहून येई.

"माझा नाही," कब्बूर म्हणाला.

बाई गेल्यावर यामना आतून म्हणाली, "सांगून टाकायचं होतंस. माझ्यासाठी गप्प बसू नकोस. मी काही फार दिवसांची नाही."

"तुझ्यासाठी नाही. मुलगा चोर म्हणून कागदावर येईल."

"तो वाचणार आहे का तुमचे कागद? त्याने आजवर पत्र तरी लिहिलंय का एक?"

यामना त्याच हिवाळ्यात गेली. रदवानला येता आलं नाही, कागदपत्रं अडकली होती. औलाद मिमूनमध्ये तोवर तीन घरं उरली होती, आणि पुढच्या साली खाणीने वाडी आणि खड्ड्यांची टेकडी घेतली. यंत्राने एका आठवड्यात तिन्ही थर उचलले, पट्ट्यासकट. कब्बूरला वादी झेमच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या. शेजारी वाडीतलं कुणी नव्हतं. नवी माणसं होती, दक्षिणेकडून कामासाठी आलेली, पोराबाळांनी भरलेली घरं. ती त्याला सलाम करत, कधी आमटी आणून देत. त्यांना औलाद मिमून हे नाव माहीत नव्हतं.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात रदवान आला. गाडी चालवत, बायको आणि नऊ वर्षांच्या सेल्माला घेऊन. त्याचं पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते. सेल्माला आजोबांची भाषा अर्धीच यायची. जेवताना तिला भिंतीतल्या कोनाड्यातले दात दिसले आणि ती मोडक्या शब्दांत सांगू लागली की शाळेत त्यांना हे सगळं शिकवलंय. दगड पडला, मोठे प्राणी मेले, आणि मग बारीक केसाळ प्राणी मोठे झाले, आणि त्यांच्यातून आपण झालो.

"म्हणजे बरं झालं ना, आजोबा?" ती म्हणाली. "ते मेले नसते तर आपण नसतो."

"आपल्याला बरं झालं," कब्बूर म्हणाला. "त्यांना विचारलंय का तुमच्या बाईंनी?"

सेल्मा बापाकडे बघू लागली. रदवान हसला. "बा, लहान आहे ती."

मग कब्बूरने सोळा वर्षांत न विचारलेलं विचारलं. शांतपणे, भाकरी मोडता मोडता. "तो जबडा तू हाज्जला कितीला दिलास?"

"कुठला जबडा?"

कब्बूरने त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या तोंडावर लबाडी नव्हती. तो खरंच आठवत होता. मग त्याला आठवलं. "अरे तो होय. तो छोटा. बा, तुझ्याकडे तर डबेच्या डबे होते तेव्हा. त्यातला एक. तुला अजून लक्षात आहे?"

त्याची बायको सेल्माला हात धुवायला घेऊन गेली. रदवान म्हणाला, "मी सांगणार होतो. पोचल्यावर सांगू म्हटलं. मग तू काही बोलला नाहीस, तेव्हा मला वाटलं, तुला चालतंय."

"चाललं," कब्बूर म्हणाला.

पाहुणे गेल्यावर आठवड्याभराने त्याने मराकेशची बस धरली. बाई मुदतीआधीच निवृत्त झाल्या होत्या. घर शोधायला दुपार झाली. त्यांनी ओळखलं, बसवलं, चहा केला. कब्बूरने सगळं सांगितलं. मुलाचं नाव घेऊन सांगितलं, टवका कसा उडाला तेही, आणि जागा पट्ट्याच्या वर किती बोटं तेही.

बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आठ वर्षांपूर्वी पलीकडच्या टेकडीवर तसाच एक निघाला, काका. वरचा जबडाही मिळाला. त्याला नाव दिलं गेलंय. ज्याला सापडला त्याचे आभारही छापलेत तळटीपेत."

"कुणाला सापडला?"

"तुम्ही ओळखत नसाल. तरुण होता." त्यांनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "तुमची टेकडी आता नाही. खणून गेली. मी लिहिलं तरी पडताळणार कशाशी? आणि माझं आता छापतं कोण?"

"बरं," कब्बूर म्हणाला. "माझं सांगायचं राहिलं होतं."

"तुमचं राहिलं होतं." बाईंचा आवाज चढला नाही, पण बदलला. "त्या रविवारी गाडीत परत जाताना सर मला काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, मेंढपाळाच्या शब्दावर विसंबून माझे दोन दिवस घालवलेस. पठारावरचं काम माझ्याकडून काढून त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्यानंतर मी आले ती स्वतःच्या सुट्टीत आले. मला तेव्हाच कळलं होतं की तुम्ही खोटं बोलताय. कापसात खळगा होता. मी वाट बघत राहिले, तुम्ही सांगाल म्हणून. ते चित्रांचं पुस्तक घेऊन आले तेव्हाही."

कब्बूरला यातलं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की त्या खोट्याची किंमत आपण एकट्याने भरली, आणि त्या समजुतीचा त्याला थोडा आधारही होता.

"मी तुमच्यावर रागावले नाही असं म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "चहा घ्या. गार होतोय."

त्याने चहा प्यायला. बाईंनी त्याला बसथांब्यापर्यंत सोडलं. परतीच्या वाटेवर पठार लागलं तेव्हा अजून उजेड होता, आणि औलाद मिमूनच्या जागी पांढऱ्या खळग्याच्या तळाशी यंत्रं फिरत होती.

त्या आठवड्यात रदवानचा फोन आला. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं की म्हातारा मराकेशला जाऊन आला.

"कशाला गेला होतास, बा? एवढ्या उन्हात?"

"बाईंना भेटायला."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही," कब्बूर म्हणाला. "चहा दिला."